कवडीपाट, सकाळी सव्वासहा

डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चालवा.
म्हणून वन्संना घेऊन आले
लोणीच्या अलीकडे, नदीच्या बंधाऱ्यावर.
नवा गुडघा अजून पाहुण्यासारखा,
विचारून उठतो, विचारून बसतो.

शहराने रात्रभर धुतलेलं सगळं
इथे येऊन थांबलेलं :
फेस, थर्माकोल, निर्माल्याची पिशवी,
एक निळी चप्पल.
वन्सं नाकाला पदर लावतात.
माहेर वेळणेश्वरचं. पाणी म्हटलं की
त्यांना खारा वारा लागतो.

दुर्बीण आधी उलटी धरली.
"अगंबाई, किती लांब गेलं गं सगळं!"
मग सुलटी.
मग बराच वेळ काहीच नाही.

फेसातून एक शेकाट्या
गुलाबी काटकुळा पाय उचलतो,
थांबतो, ठेवतो.
"ह्याचा गुडघा मागे वळतो की!"
तो घोटा, वन्सं.
गुडघा वर असतो, पिसांत लपवलेला.
"बरं करतो," म्हणाल्या.

पलीकडच्या खडकावर चक्रवाक, भगवे,
कुठल्या कुठल्या थंडीतून आलेले.
"रात्री ताटातूट होते म्हणतात ह्यांची.
दोन आहेत ना? नीट मोज."
दोन आहेत.
एक मान पाठीत खुपसून झोपलेला,
एक जागा.

"जागी आहे ती मादी असणार."
ओळखायचं कसं, मी सांगत होते,
नराच्या गळ्यातला काळा पट्टा वगैरे.
ऐकलं नाही.

टपरीवर चहा घेताना
एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी लिहिलं :
शेकाटे एकवीस, बगळे पुष्कळ,
ते दोघे.
"रविवारी परत येऊ.
नाकाला बांधायला काहीतरी आण."