लाभ, दोन, तीन

मानवतच्या मोंढ्यात मी एकतीस वर्षं मापाडी होतो.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन
ज्वारी, तूर, करडई,
कुसळं बंडीत, धूळ पापण्यांत,
आणि आकडा चुकला तर मागं शंभर माणसं ओरडणारी.

परभणीच्या दवाखान्यात शगुफ्ता मॅडमनं
माझ्यापुढं प्लास्टिकची वाटी ठेवली.
"काका, शंभर ग्रॅम शिजलेला पांढरा भात:
एकशे तीस कॅलरी, अठ्ठावीस ग्रॅम पिष्ट.
शंभर ग्रॅम फुलगोबी: पंचवीस कॅलरी. पिष्ट पाच.
चोथा भातात नावाला, गोबीत दोन ग्रॅम.
क जीवनसत्त्व भातात शून्य."
पोरगी माझ्याहून वेगात मापत होती
आणि एकदाही लाभ म्हणाली नाही.

मी विचारलं, आणि प्रथिनं?
ती थांबली, कागद पाहिला.
"त्यात भात किंचित वर आहे, काका."
बरं वाटलं.
भर बैठकीत जुन्या सोबत्याची
कुणीतरी एक बाजू घेतल्यासारखं.

आमच्याकडं भात रोजचा नव्हताच कधी.
ज्वारी घरची, भात पाहुण्यांचा.
शिजत्या तांदळाचा वास आला
की आम्ही पोरं दारातल्या चपला मोजायला पळायचो.
पाथरीच्या एका लग्नात वाढप्यानं मूठ सैल सोडली होती,
ढिगात आळं करताना बोट भाजलं,
ते बोट अजून हे आहे, हे.
मग रेशनला तांदूळ आला, घरात कुकर आला,
माझ्या दाढा गेल्या.
पाहुणा मुक्कामाला आला
तो उठायचं नावच घेईना.

शिवकांतानं गोबी किसली.
"बगा, दिसू लागली का न्हाई भातावानी?"
दिसत होती. कणीसारखी.
वाफ आली तेव्हा मात्र सगळं घर
भिजल्या गोणपाटासारखं वासलं.

मी माळ्यावरची तागडी काढली.
साखळ्या गंजलेल्या, काटा अजून खरा.
एका पारड्यात सकाळचा भात, दुसऱ्यात गोबी.
गोबीचा ढीग मोठा झाला, तरी काटा मधोमध उभा.
तागडीला रक्तातलं काही कळत नाही.
तिला एवढंच कळतं, हे जड का ते जड.
एकतीस वर्षं मीही तेवढंच सांगितलं
आणि लोक त्या भरवशावर बैलं जुंपून घरी गेले.

शिवकांताच्या ताटातही गोबीच.
"तुला गं काय झालंय?"
"एकटीसाठी कुकर कोण लावावं," म्हणाली,
माझ्याकडं न बघता.

गोबीत आळं केलं. वरण थांबलं नाही त्यात,
खालून निसटून ताटभर पसरलं.
शेवटी बोटानं ताट निपटताना
कडेला, गोबीच्या तळाशी,
सकाळच्या भाताची शितं लागली.
मी वर पाहिलं नाही.
ती तागडी पुसत होती, फार वेळ पुसत होती.

लाभ, दोन, तीन.
सात होती.