लांब सूर

स्वयंपाकघरात दोन गिटारी आहेत.
एक माझी, रुंद मानेची, नायलॉनची,
पुलापाशी प्रत्येक तार गाठ मारून बांधावी लागते.
दुसरी ब्रेइशोची. तो ट्रॉलरवर गेला उत्तरेला
आणि जाताना म्हणाला, वाजवत राहा, लाकूड रुसतं.
तिच्या तारा पोलादी.

अरौसाच्या खाडीत, तराफ्यावर,
मी दिवसभर दोरांवरून काळे शिंपले ओरबाडते.
नखं राहत नाहीत. अंगठ्याचं राहतं,
तेही मार्चपर्यंत.
म्हणून पिंगपाँगचा चेंडू कापून
तीन चकत्या गोंदाने डकवते बोटांना.
दोरिंदाच्या दुकानात हे सांगितलं
तर ती हसता हसता खुर्चीत बसली.

धून बाबांची. शिट्टीतली.
पहाटे होडीच्या इंजिनावर स्वार व्हायची.
तिसऱ्या ओळीत एक सूर ते इतका लांबवत
की लाल बोया मागे पडायचा
आणि सूर अजून पुढेच.
आता दात काढलेत, शिट्टी येत नाही.
मला ती सहा तारांवर बसवायची आहे:
खाली अंगठ्याने इंजिन,
मध्ये दोन बोटांचं पाणी,
वर एकटी धून.

पोलादावर तो सूर सुटतो आणि जात नाही.
आस म्हणतात ती हीच,
छेडून झाल्यावरही जे मागे उरतं.
पोलादाला आस फार.
पण सगळ्यांनाच ती सारखी;
इंजिनही थांबत नाही, पाणीही थांबत नाही,
कुणी कुणाला वाट देत नाही.
तळव्याची कड टेकवून खालच्या तारांचं तोंड दाबावं लागतं.
आणि डाव्या हाताच्या चिरलेल्या बोटाला
ती तार म्हणजे मीठ.

नायलॉनवर सूर गोल निघतो,
मक्याच्या पावाच्या आतल्या लुसलुशीत भागासारखा.
तीन मोजेपर्यंत विझतो.
पुन्हा छेडला तर दोन सूर झाले, एक नव्हे.
बोटं थरथरवून लांबवला
तर बाबांची धून रडकी होते,
आणि ते रडके नव्हते.

मग वाटलं, माझ्याच गिटारीला पोलाद चढवावं.
दोरिंदा या वेळी हसली नाही.
पूल उखडून हातात येईल, म्हणाली,
हिच्या अंगात एवढी ओढ सोसायची ताकद नाही.
विलागार्सियाहून बसने परतताना
समोरच्या सीटवरच्या बाईची पाठ बघत होते,
किती ओढ असेल, कोण जाणे.

रविवारी दोन्ही वाजवून दाखवल्या.
इंजिनाने बाबांचे कान खाल्लेत, उजवा तर पुरता.
पोलाद ऐकून म्हणाले, छान.
लग्नातल्या जेवणाला म्हणतात तसं.
मग नायलॉन. तिसऱ्या ओळीत सूर विझला,
आणि मी पुढे जाणार तोच दिसलं:
त्यांचे ओठ गोल झालेत.
आवाज नाही, नुसती हवा,
पण हवा कुठेही तुटत नव्हती.
मी अंगठा धरून ठेवला.
लाल बोया येऊन गेला असावा.
हवा संपल्यावर म्हणाले,
साबेला, तुझं इंजिन घाई करतं.
आणि सूपात मीठ कमी आहे.

तर धून नायलॉनवर बसली आहे,
तिसऱ्या ओळीत एक भोक ठेवून.
कागदावर तिथे मी काहीच लिहिलेलं नाही.

ब्रेइशोची गिटार मात्र रोज काढते.
दिवा मालवून तिच्यावर तोच एक सूर छेडते
आणि तो कुठवर पोचतो ते मोजते.
नऊ. दहा. अकरा.
तेवढ्यात फ्रिज सुरू होतो.