काचेवरचा दोरा

रविवारी, भांडी घासून झाल्यावर, दिसला:
काचेच्या आतल्या अंगाला
शिवणातून उरल्यासारखा पांढरा दोरा.
बोटाने पुसला. पुसला गेला नाही.
मग तो चालू लागला.

टाकी आमची नव्हे. माडीवर भाड्याने राहिलेले गावितसाहेब
बँकेची बदली होऊन नंदुरबारला गेले;
कंडक्टरने शेगडी घेतली, पाणी घेईना.
"सहा महिन्यांत नेतो, ताई."
त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
अकरा गप्पी, एक गोगलगाय, आणि एक प्लास्टिकचा किल्ला
ज्याचा दरवाजा उघडत नाही.

दिवसभर मी देवगड बंदरात, सोसायटीच्या टेबलाशी
मासे लिहिते. बांगडा टोपलीने, सुरमई किलोने,
म्हाकूल बर्फासकट.
वहीलासुद्धा वास येतो.
आणि घरी येऊन, चष्मा काचेला टेकवून,
नखाएवढ्या एका पोटाकडे बघत बसते:
फुगलंय ते कशाने? पिल्लांनी, की जंतांनी?

गुरांच्या दवाखान्यातल्या धुरी कंपाउंडरने विचारलं,
"जनावर कुठलं?"
"मासा."
"वजन?"
एवढी वर्षं वही लिहिणारी बाई मी,
मला पहिल्यांदाच माशाचं वजन सांगता आलं नाही.

हसू दाबत त्याने शेळ्यांच्या जंतांची बाटली दिली.
पाजण्यापूर्वी हलवावी, असं वर छापलेलं.
रात्री हिशेब मांडला. शेळी वीस किलोची,
गप्पी कापराच्या वडीहून हलका.
उत्तर आलं ते थेंबाचा असा कण
जो कुठल्याच ड्रॉपरमधून पडत नाही.

बाबा खाटेवरून म्हणाले,
"माशाक जंत नसतले तर कोणाक?
सुरमयचा पोट फाड, बघ कितके वळवळतत.
सुरयेन बाजूक करूचे नि कढी करूची."
चाळीस वर्षं तांडेल होते.
लाँच विकली तेव्हापासून झोपत नाहीत.

तीन रात्री मी निजण्याआधी टॉर्च मारून पाळत ठेवली.
दोरे वाळूतून वर येत, झुलत,
डोकं कुठलं, शेपूट कुठलं, काही कळेना.
जामसंड्याला रंगीत मासे विकणारा सत्यवान फोनवर म्हणाला,
"तिकोनी डोकं असतं तर भ्यायचं, ते अंडी-पिल्लं सोडत नाहीत.
हे गरीब. उष्ट्यावर जगणारे.
खाणं जास्त पडतंय, ताई. घालतं कोण?"
मीच. सकाळी, चिमूटभर.
देवाशप्पथ चिमूटभर.

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास
पाण्यात काहीतरी पडल्याची जाग आली.
बाबा टाकीपाशी. लुंगी, उघडी पाठ, हातात खाण्याची बरणी.
बंदरातून लाँच सुटायची ती वेळ.
एकेक इंजिन फटफटत खाडीच्या तोंडाकडे निघालेलं
आणि ते कान देऊन, ओळखून,
दर इंजिनामागे एक चिमूट पाण्यात सोडत होते.
"ही तारकर्ल्यांची. ही सारंगांची, हिचो पंखो वाजता.
ही..."
बराच वेळ गेला.
"ही आमची हुती."
त्या खेपेला चिमूट जरा मोठी पडली.

मी दिवा लावला नाही.

सकाळी नळीने अर्धं पाणी ओढून काढलं.
तोंडात आलं, चव खाडीच्या गाळाची.
वाळू तांदळासारखी चार पाण्यांत धुतली.
विहिरीचं पाणी रात्रभर निववून ओतलं.
खाण्याची बरणी माझ्या कपाटात, किल्ली कमरेला.
बाबांना काही बोलले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

बाटली फडताळात आहे, मिठाशेजारी, न फोडलेली.
त्या फुगलेल्या मादीचं काय, ते अजून कळायचंय.
काचेवर काल एकच दोरा दिसला.

रात्री दोनला बाबा अजून उठतात.
दोन बोटं जुळवून पाण्यावर धरतात, रिकामी,
आणि नावं घेतात.
अकराच्या अकरा वर येतात,
तोंडं उघडून.