अर्धं बिस्किट

कस्टर्ड क्रीम मधोमध उघडायचं,
क्रीमची बाजू तिला, कोरडी आपल्याला,
हा नॉर्मन एन्टविसलचा चार वाजताचा रिवाज.
इनिड गेल्यापासून घड्याळसुद्धा नेलच बघायची.
चाराला पाच कमी असताना
पुढचा पंजा त्याच्या सपातेवर.

मोरकममधल्या आमच्या गल्लीत भिंती पातळ.
किटलीचं बटण टक्कन पडायचं,
मग त्याचं "घे गं म्हातारे",
मग रेडिएटरवर शेपटीचे ठोके.

मीही काही कमी नव्हते.
दिवाळीत कुंपणावरून बेसनाचा लाडू,
जानेवारीत, समुद्रावरून कान तोडणारा वारा येत असताना,
तिळगूळ घे, गोड गोड भुंक.
आमच्याकडे दारात आलेल्याला
तोंड गोड केल्याशिवाय जाऊ देत नाहीत,
आणि ती तर दारातच बसलेली असायची.

मार्चमध्ये ती पाणी पिऊ लागली.
वाडगं, बादली, कुंडीखालच्या बशीतलं हिरवं पाणी.
रात्री स्वयंपाकघरभर थारोळी,
आणि नॉर्मन गुडघे टेकून, जुना टॉवेल घेऊन.
"वय झालं," म्हणाला, "माझंही तसंच आहे."
खाणं दुप्पट, आणि पाठीचा कणा हाताला लागायचा.

मला कळायला हवं होतं.
तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे मी,
हीच तहान माणसांत
कोटाची बटणं सोडायच्या आत ओळखते.

डॉक्टर वयानं पोरगीच. आकडा सांगितला,
मग विचारलं, गोड कोण देतं हिला?
नॉर्मन हातातली टोपी फिरवत राहिला.
मी भिंतीवरचा तक्ता वाचला:
कुत्र्याला दात बेचाळीस.
नेलचे किती उरलेत
तेही तिनं ओठ उचलून दाखवलं.
नुसत्या साखरेनं मधुमेह झाला असं मी म्हणत नाही, ती म्हणाली,
पण वजन वाढलं, दोनदा स्वादुपिंड सुजलं,
नाताळचा केक आठवतोय ना?
साखरेनं मदत केली.
ती इंग्रजीत बोलत होती,
मला मात्र ऐकू आलं, हातभार.
हाताचा भार.
दोघांनीही हात खिशात घातले.

आता सकाळी आठ, संध्याकाळी आठ.
मानेमागची कातडी चिमटीत धरायची,
सुई तिरकी.
त्याचा हात थरथरतो, म्हणून मी जाते.
ती हूं की चूं करत नाही.
आम्हीच श्वास धरून उभे.

आणि मग एका गुरुवारी तो कुंपणापाशी आला,
गालावर लाली, हातात पाकीट:
"बघ काय शोधून काढलंय. शुगर फ्री!
आता तर हरकत नाही ना?"

कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.
सहावं नाव झायलिटॉल.
माणसाला चालतं.
कुत्र्याच्या रक्तातली साखर
तासाभरात तळाला नेतं, यकृतही सोडत नाही.
"दिलंत?"
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
"नॉर्मन, दिलंत का तिला?"
"अजून नाही गं. चार कुठं वाजलेत."

पावणेचार झाले होते.

ते पाकीट मी माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं,
झाकणावर वीट ठेवली.
इतक्या प्रेमानं आणलेली वस्तू
अशी विटेखाली ठेवताना बरं वाटत नाही,
हेही सांगितलं पाहिजे.

उन्हाळा आला तसे तिचे डोळे दुधाळले.
आता पंजा आधी हवेत चाचपडतो,
मग सपाता सापडते.
चाराला पाच कमी, अजूनही.
नॉर्मन घेवड्याची उकडलेली शेंग घेतो,
मधोमध तोडतो,
अर्धी स्वतः खातो, तोंड वाकडं करून,
अर्धी तिला.
"घे गं म्हातारे."
ती घेते. जराशी थांबते,
काहीतरी नीट ऐकून घेतल्यासारखी,
आणि त्याच्या सपातेत
हळूच ठेवून देते.