पिको-फॉल

प्रयागाक्का येते.
हातात साडी नसतेच.
स्टूल ओढून म्हणते,
"मी कुणापाशी काही बोलते का, सांग."
आणि बोलते.

सून, गुडघा, जावेचं हसणं,
मधेच माझ्या तांब्यातलं पाणी.
काही सुचवावं, तर
"तुला नाही कळायचं, बाई."

उठते तेव्हा ताजीतवानी.
चौबाऱ्यात मेथीच्या जुडीवरून
भांडताना तिचा आवाज इथवर येतो.
मी सुईत दोरा ओवते,
चारदा चुकतो.

आज शटर अर्धं ओढलं.
खालच्या फटीत तिच्या चपला
थांबल्या.
मग गेल्या.

रात्री नांदेडला बहिणीला फोन लावला,
हेच सगळं सांगायला.
रिंग वाजत राहिली.
हल्ली ती
जरा उशिरानंच उचलते.