नमुना सतरा

सातविणीची साल. वहीत तिचं नाव नमुना सतरा.
सरांनी मागवली म्हणून गमजीभाई राठवा घेऊन आले
छोटाउदेपूरच्या पलीकडून, एसटीनं,
मांडीवर सिमेंटची धुतलेली पिशवी.
आल्या आल्या विचारलं, बेन, सावली कुठे आहे?
मी फ्रीज उघडून दाखवला.
ते बराच वेळ त्या उजेडाकडे बघत राहिले,
मग म्हणाले, फावेल.

साल कशी काढायची तेही सांगितलं त्यांनी.
उजेड पहिल्यांदा शिवतो ती बाजू,
दिवसातलं पहिलं बोलणं व्हायच्या आत,
आणि झाडाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं.
फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता.
मी शेऱ्यात लिहिलं, बारीक अक्षरात.

विश्वामित्रीच्या काठाला आमची इमारत.
खाली मगरी ऊन खातात,
वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही हिवताप पाळतो.
पाळतो म्हणजे अगदी पाळतोच.
रोज पाणी बदलायचं, दिवाळीलाही,
उत्तरायणात गच्चीगच्चीवर 'काप्यो' चाललेलं असताना
मी सदतीस अंशांच्या कपाटापुढे.
काचेच्या भांड्यात मेणबत्ती लावून झाकण ठेवते.
ज्योत आतली हवा खाते, बुटकी होते, विझते.
मग त्यांना बरं वाटतं.

खायला रक्त लागतं, ओ पॉझिटिव्ह.
रक्तपेढीचं संपलं की माझं.
कौशिक दंडाला रबर बांधतो, दर वेळी तोच विनोद करतो,
डासाला निदान सही तरी लागत नाही, वनमालाबेन.

तर माझ्याच रक्तात, भिंगाखाली,
जांभळ्या अंगठ्या, एकेका खड्याच्या,
मांडवीतला सराफ मखमलीवर मांडतो तशा.
हजार पेशी मोजायच्या.
अंगठीवाल्या किती, बिनअंगठीच्या किती.

सतरा नंबर पाण्यात उकळला. काही नाही.
दुप्पट घातला. अंगठ्या मजेत.
मिथेनॉलमध्ये उतरवला तेव्हा मेल्या खऱ्या,
पण पेशीही फुटल्या, नुसतं लाल पाणी.
ढेकणांसाठी घर जाळल्यासारखं.
तिसऱ्या खेपेला सर म्हणाले, पुरे.

चौथ्यांदा केलं ते रविवारी, कुणाला न सांगता.
पहाटे साडेपाचला आले.
रखवालदारानं जय श्रीकृष्ण केलं,
मी तोंड मिटून नुसती मान हलवली.
शेऱ्यातलं सगळं पाळायचं होतं
निदान माझ्या बाजूनं.
काही नाही.

फोन लावला. भाद्रपद सरत आलेला, तिकडे तापाचे दिवस.
मी आधी मिथेनॉलबद्दल बोलले, मग पेशींबद्दल.
गुजरातीत शब्द सापडेनात.
मराठीत तरी कुठे सापडले असते?

बेन, ते म्हणाले, गोळी तर मीही देतो.
आशाबेनकडे सरकारी पट्ट्या असतात,
पण ती नदीपलीकडे, पाच कोसांवर.
पोरगं मोटरसायकलवर जाणार, येणार,
तोवर तापातल्या माणसाला धरून कुणी ठेवायचं?
तो उठतो, रानात चालू लागतो.
हातात वाटी दिली की बसतो.
मी फार कडू करतो, बेन,
लवकर संपू नये म्हणून.

मग विचारलं, उरली असेल तर परत पाठवाल का?
त्याच झाडाला पुन्हा नको त्रास.

उरली आहे, चारशे ग्रॅम.
नमुना परत करता येत नाही,
पाच वर्षं ठेवायचा, असा नियम.
वहीत लिहिलं, सतरा, क्रियाशील नाही.
नखाएवढा तुकडा काढून जिभेवर ठेवला.
हेही नियमात नाही.

मेणबत्ती लावायची वेळ झाली होती.
स्टुलावरून उठले,
पण जरा उशिरा.