खडूच्या रेघा

उद्यमबागेत दुपारी वीज गेली
तेव्हा लांबीची गोष्ट निघाली.
ड्रॉइंगवर दोन रकाने मोकळे होते,
एक बॅरलचा, एक तिच्यावरच्या हँडगार्डचा.
चाचणीला पाठवायची एकच नमुना रायफल
आणि चन्नाप्पाण्णांना घाई.
"बेग हेळ्री, हदिनेंटु माडोणेन्री?"
माझ्या कानात आधी आकडा मराठी होतो,
मग इंच होतो,
तोवर ते तिसऱ्यांदा विचारून झालेले असतात.

सुभेदार नागोजी सांबरेकर खुर्चीत बसेनात.
एकतीस वर्षं पलटणीत आर्मोरर.
डावा कान गेलेला,
म्हणून बोलणाऱ्याला हाताला धरून उजवीकडं आणतात.
भंगारातनं त्यांनी जुना जीआय पाईप ओढला,
हॅकसॉनं तीन तुकडे पाडले:
साडेचौदा, सोळा, अठरा.
वीज नसल्यानं करवतीचा आवाज पार गेटपर्यंत गेला.

"लांब नळी म्हणजे गोळीला पळायला जागा.
खरं, दारातनं आधी नळी जाती, मागनं माणूस.
जीपच्या दारात अडकली की मग..."
पुढचं त्यांनी पाईपवरचा गंज पुसत गिळलं.
"आणि आखूड?"
"आखूड लई वरडती. तोंडाला जाळ.
शेजारच्याचं काय व्हतंय, त्यो शेजारचाच जाणे."
बोलताना मान थोडी वळली, डावीकडं.

हँडगार्ड दहा ठेवूया, मी म्हणाले.
वजन कमी, ॲल्युमिनियम कमी,
मशीनची सतरा मिनिटं वाचतात.
त्यांनी तळहात उघडून टेबलावर ठेवला,
बिलाचा कागद ठेवावा तसा.
करंगळीखाली चामडी गुळगुळीत, चकाकती,
तिथं नशिबाची रेघसुद्धा नाही.
"तापलेली नळी वळख दाखवत नाही, बाई."

मी रेणुका पावशे. क्वालिटी.
ॲप्रनच्या खिशात व्हर्नियर,
सात वर्षं हायड्रॉलिकची भोकं मोजते,
शंभरात दोन नाकारते, शिव्या खाते.
धरून बघा, असं आजवर
कुठल्याच पार्टनं मला म्हटलेलं नाही.
"तुमीच धरा," ते म्हणाले.
"आता पोरीबी येत्यात भरतीला. तुमच्याच उंचीच्या."

खांद्याला पॅकिंगची फळी, पुढं सोळाचा पाईप.
डावा हात जाऊन जिथं थांबला
तिथं त्यांनी खडूनं रेघ ओढली.
"आता पळत आल्यासारखं धरा."
हात बोटभर मागं आला. रेघ.
"आता दमलाय."
अजून मागं. रेघ.
"आता भ्यालाय."
मला भिता येईना.
समोर चन्नाप्पाण्णा घड्याळ बघतायत,
दारात दस्तगीर बुरादा भरतोय पोत्यात,
कुणाला भ्यायचं?

तेवढ्यात वीज आली.
सगळ्या मशिनी एकदम सुटल्या,
कंप्रेसर खोकला, वर पंखा खडखडला
आणि माझा हात सरकन् पुढं,
सगळ्या रेघा ओलांडून,
नळीच्या उघड्या अंगावर.

सुभेदार हसले नाहीत.
माझी बोटं तशीच ठेवायला सांगून
त्यांनी त्यांच्याही पुढं रेघ ओढली, हळू,
जखमेच्या कडेनं औषध लावावं तशी.
"हितंपर्यंत झाका."

सोळाच्या नळीवर तेराचं हँडगार्ड.
चन्नाप्पाण्णांनी सतरा मिनिटांचा हिशेब केला,
एकदा "अय्यो" म्हणाले आणि सही केली.
मी रकाने भरले, पुढं टॉलरन्स लिहिला,
अधिक-उणे, नेहमीचाच.
अंगात ती दचक अजून होती,
तिला कुठल्या रकान्यात टाकायचं कळलं नाही.

साडेचौदाचा तुकडा गेटवरच्या चहावालीनं
फुंकणीला नेला. अठराचा
कोपऱ्यात उभा आहे, नुसता.

संध्याकाळी येळ्ळूरच्या बसमध्ये जागा मिळाली.
अनगोळच्या वळणावर ब्रेक लागला
आणि समोरच्या सीटची दांडी
मला कळायच्या आत माझ्या मुठीत होती.
व्हर्नियर खिशातच होता.
काढला नाही.